तत्क्षणी घडवलेले यंत्र : रेग्युलर एक्स्प्रेशनच्या वेगाविषयी एक संवाद

मजकुरातून विशिष्ट घडणीचे शब्द, आकडे किंवा ओळी हुडकून काढण्यासाठी संगणकाला जो सांकेतिक नमुना दिला जातो त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. प्रोग्रामरांच्या रोजच्या बोलण्यात त्याचे ‘रेजेक्स’ झाले आहे. अक्षरापुढे अधिकचिन्ह आले की ‘एक किंवा अनेक वेळा’, तारा आला की ‘शून्य किंवा अनेक वेळा’, उभी रेघ आली की ‘हे किंवा ते’, अशा मोजक्या खुणांनी हा नमुना बांधला जातो, आणि त्यामागचे गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करताना मांडले. नमुना मजकुराशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामला रेजेक्स इंजिन म्हणतात. बहुतेक इंजिने नमुन्याचे आधी बाइटकोडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या आज्ञांच्या छोट्या यादीत, रूपांतर करतात आणि इंटरप्रिटर नावाचा भाग ती यादी वाचत एकेक आज्ञा अमलात आणतो. जस्ट-इन-टाइम कंपायलेशन, संक्षेपाने जेआयटी, या तंत्रात हा मधला वाचकच काढून टाकला जातो: प्रोग्राम चालू असतानाच, नमुना हाती आल्यावर, केवळ त्या एका नमुन्यासाठी प्रोसेसरच्या थेट आज्ञा, म्हणजेच मशीन कोड, मेमरीत लिहिल्या जातात आणि प्रोसेसर त्या चालवतो.

या तंत्राविषयी दोन भूमिका दीर्घकाळ समोरासमोर उभ्या आहेत. पुढील संवादात त्या दोन व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. अभियंत्याचे आयुष्य चालत्या यंत्रांचा वेग मोजण्यात गेले आहे, तर सिद्धान्ती प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारतो, की मजकूर वाढला तर काम कोणत्या प्रमाणात वाढेल.

अभियंता : इंटरप्रिटरचा खर्च कशात आहे, हे आधी पाहावे. बाइटकोडची प्रत्येक आज्ञा मेमरीतून उचलायची, ती कोणती आहे हे ठरवायचे आणि त्या आज्ञेच्या कामाकडे उडी मारायची, एवढे सोपस्कार एका अक्षराच्या तुलनेसाठी करावे लागतात. त्यातही पुढची उडी कुठे असेल याचा प्रोसेसरने आधीच बांधलेला अंदाज चुकला, तर अर्धवट झालेले काम टाकून त्याला मागे यावे लागते. देवनागरीचेच उदाहरण घ्यावे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग पट्टा आहे, आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत त्यातील प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते: पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ यांपैकी कोणताही. ‘देवनागरी चिन्ह’ एवढाच नमुना असला तरी सर्वसाधारण इंटरप्रिटर तीन बाइट वाचतो, त्यांतून चिन्हाचा क्रमांक जुळवतो आणि मग तो क्रमांक पट्ट्यात आहे का, हे तपासतो. जेआयटीला हा नमुना आधीच ठाऊक असल्यामुळे क्रमांक जुळवण्याची गरजच उरत नाही. २२४ ही संख्या थेट आज्ञेत कोरता येते. १६४ आणि १६५ यांत फक्त शेवटच्या बिटचा फरक असल्यामुळे तो बिट एक करून एकाच तुलनेत दुसऱ्या बाइटचा निकाल लावता येतो. आणि मजकूर शुद्ध यूटीएफ-८ आहे याची खात्री आधीच झालेली असेल, तर तिसरा बाइट तपासावाही लागत नाही. नमुना ठरला की अर्धे प्रश्न आपोआप सुटलेले असतात, आणि जेआयटी त्या सुटलेल्या प्रश्नांवर पुन्हा वेळ घालवत नाही.

सिद्धान्ती : उदाहरण उत्तम आहे, मात्र त्यातून जे वाचते ते प्रत्येक पावलाचे मोल आहे, पावलांची संख्या वाचत नाही. प्रचलित इंजिनांपैकी बरीचशी बॅकट्रॅकिंगने चालतात, म्हणजे एक वाट धरून पुढे जातात आणि ती खुंटली की मागच्या फाट्यावर येऊन दुसरी वाट धरतात. आता असा नमुना घ्यावा, की ओळीच्या आरंभापासून अखेरपर्यंत ‘एक किंवा अनेक अ’ यांचे एक किंवा अनेक गट असावेत, आणि मजकूर असा घ्यावा, की तीस वेळा ‘अ’ येऊन शेवटी एक ‘ब’ आहे. हा मजकूर जुळणार नाही, हे माणसाला पाहताक्षणी कळते. परंतु विशेष खबरदारी न घेणारे बॅकट्रॅकिंग इंजिन तीस अक्षरांचे गट पाडण्याच्या सगळ्या शक्यता तपासते, आणि त्या दोनचा एकोणतिसावा घात, म्हणजे ५३ कोटींहून अधिक आहेत. एक ‘अ’ वाढला की काम दुप्पट. जेआयटीने वेग दसपट झाला असे मानले, तरी त्या दसपटीत तीन अक्षरे जास्त बसतील. चौथ्या अक्षराला इंजिन पुन्हा होते तिथेच येईल.

अभियंता : असले नमुने शहाणा माणूस लिहीत नाही.

सिद्धान्ती : लिहितो, आणि त्याला ते उमगत नाही. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले ते ओळीच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा छाटणाऱ्या अगदी साध्या नमुन्यामुळे. एका मजकुरात सुमारे वीस हजार रिकाम्या जागा सलग आल्या होत्या आणि त्यांच्यानंतर ओळ संपत नव्हती, त्यामुळे इंजिनाने पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत, मग दुसरीपासून शेवटपर्यंत, असे करत जवळपास वीस कोटी तपासण्या केल्या. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीची जगभरची सेवा २७ मिनिटे कोलमडली, तीही हल्ले ओळखण्याच्या नियमांत नव्याने घातलेल्या एका रेजेक्समुळे. या घटनांना घातांकी वाढ लागली नाही. कामाच्या वाढीचा दर मजकुराच्या लांबीच्या वर्गाइतका असला तरी पुरते.

या ठिकाणी अभियंत्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल, कारण सिद्धान्ताचे पुरस्कर्ते ती अनेकदा झटकून टाकतात. दसपट वेगाचा लाभ किती, हे वाढीच्या जातीवर अवलंबून असते. काम मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात वाढत असेल तर तेवढ्याच वेळात दसपट मजकूर तपासून होतो. लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल तर साधारण तिपटीहून थोडा अधिक. आणि घातांकी वाढ असेल तर सिद्धान्ती म्हणतो त्याप्रमाणे तीन अक्षरे. म्हणजे जेआयटी निरुपयोगी ठरते ते फक्त तिसऱ्या स्थितीत. पहिल्या स्थितीत, आणि रोजच्या वापरातील बहुसंख्य नमुने तिथेच मोडतात, जेआयटीचा लाभ पूर्णपणे पदरात पडतो. तो नाकारणे म्हणजे प्रत्यक्ष मोजमापाकडे डोळेझाक करणे होय.

अभियंता : या नोंदीत इतिहासाची भर घालावीशी वाटते. रेजेक्ससाठी जेआयटी हे अलीकडचे फॅड नव्हे. केन थॉम्पसन यांनी जून १९६८ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनच्या शोधाविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील प्रोग्राम नमुना घेऊन आयबीएम ७०९४ या यंत्राचा मशीन कोड जागीच तयार करत होता. जेआयटीच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

सिद्धान्ती : त्याच निबंधाचा आधार इथेही घेता येतो. थॉम्पसन यांच्या प्रोग्रामने बॅकट्रॅकिंग केलेच नाही. मजकुरातील प्रत्येक अक्षर एकदाच पाहायचे आणि त्या क्षणी नमुन्यात ज्या ज्या ठिकाणी पोहोचलेले असू शकते त्या सर्व ठिकाणांची यादी एकदम पुढे सरकवायची, अशी ती रीत होती. यादीत एकच ठिकाण दोनदा घालायचे नसते, त्यामुळे तिची लांबी नमुन्याच्या लांबीहून वाढत नाही, आणि एकूण काम मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच राहते. अशी ‘एकाच वेळी अनेक स्थितींत’ असणारी कल्पित यंत्रे ऑटोमेटा या नावाने ओळखली जातात.

दोघेही एकाच निबंधाचा दाखला देतात आणि दोघेही बरोबर आहेत. थॉम्पसन यांच्याकडे सर्व शक्यता एकत्र चालवण्याची रीत आणि थेट मशीन कोड या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच; त्या प्रोग्राममध्ये चालू ठिकाणांची यादीदेखील प्रोसेसरच्या आज्ञांचीच बनलेली होती, म्हणजे यादी ‘वाचणे’ म्हणजे ती चालवणे. निबंधातील उदाहरणात एक आरंभीचे अक्षर, मग दोन अक्षरांपैकी कोणतेही कितीही वेळा, आणि शेवटी एक अक्षर असा नमुना आहे, आणि त्यासाठी निर्माण झालेल्या आज्ञा ओळीने छापल्या आहेत. त्या ओळी आज वाचल्या तरी प्रत्येक खुणेचे यंत्रात काय होते ते बोटाने दाखवता येते, इतके ते काम स्वच्छ आहे. पुढच्या काळात हा जोड तुटला. हेन्री स्पेन्सर यांचे १९८६ मधील मोफत वाटले गेलेले रेजेक्स ग्रंथालय बॅकट्रॅकिंगवर आधारलेले होते. पर्ल या भाषेचे इंजिन त्याच परंपरेतून वाढले. आणि फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये केंब्रिजमध्ये एक्झिम या टपाल-प्रोग्रामसाठी पर्लच्या धाटणीचे पीसीआरई हे ग्रंथालय लिहायला घेतले, ते पुढे असंख्य प्रोग्रामांत पोहोचले. रीत एका घराण्याकडे गेली आणि मशीन कोड दुसऱ्याकडे. प्रस्तुत वादातील बरीच कटुता या फाळणीतून आली आहे. विषयाच्या स्वभावात ती नाही.

अभियंता : फाळणी झाली खरी, परंतु बॅकट्रॅकिंगच्या घराण्याने जेआयटी किती कसोशीने उभी केली, तेही सांगितले पाहिजे. २००९ मध्ये गूगलच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनात इररेजेक्स्प हे रेजेक्स इंजिन आले. ते चार अक्षरे एकदम उचलून एकाच आज्ञेत ताडून पाहते आणि लहान-मोठ्या रोमन अक्षरांतील फरक एका बिटचा असल्याचा लाभ घेते. २०१४ मध्ये फायरफॉक्सनेही तेच इंजिन स्वीकारले. पीसीआरईमध्ये झोल्तान हेर्त्सेग यांनी लिहिलेली जेआयटी २०११ मध्ये आवृत्ती ८.२० बरोबर आली, आणि पीएचपी या भाषेने ती सातव्या आवृत्तीपासून मुळातच चालू ठेवली. कोट्यवधी पाने दररोज या मार्गाने तपासली जातात.

सिद्धान्ती : पीएचपीचा उल्लेख झाला ते बरे झाले, कारण जेआयटीची किंमत तिथे उघडी पडते. मशीन कोडला आपल्या माघारीच्या वाटांची नोंद ठेवायला जागा लागते, तिला स्टॅक म्हणतात, आणि पीसीआरईची जेआयटी वेगळी व्यवस्था केली नसेल तर ३२ किलोबाइटचा स्टॅक वापरते. किचकट नमुना आणि लांब मजकूर एकत्र आले की तो संपतो. तेव्हा पीएचपीतील जुळणीचे फंक्शन ‘एक’ किंवा ‘शून्य’ असे उत्तर न देता ‘असत्य’ हे तिसरे उत्तर देते, ज्याचा अर्थ ‘तपासणीच पूर्ण झाली नाही’ असा आहे. प्रोग्रामर मात्र सवयीने ‘जुळले तर’ एवढीच अट लिहितो, आणि त्या अटीत शून्य आणि असत्य यांत भेद होत नाही. मजकुरात घातक काही आहे का हे शोधणारा नमुना असेल, तर ‘तपासता आले नाही’ याचे रूपांतर निमूटपणे ‘काही आढळले नाही’ यात होते.

अभियंता : हा दोष उत्तर न तपासणाऱ्याचा आहे, ग्रंथालयाने तिसरे उत्तर दिलेले आहे.

सिद्धान्ती : दोष कुणाचाही असो, इंटरप्रिटरच्या जागी जेआयटी आल्याने अपयशाचा एक नवा प्रकार जन्माला आला, हे मान्य व्हावे. दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. जेआयटीला चालू प्रोग्रामच्या मेमरीत आज्ञा लिहाव्या लागतात, आणि मेमरीचा एखादा भाग लिहिण्याजोगा आणि चालवण्याजोगा एकाच वेळी असू नये, हा सुरक्षेचा दंडक ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २००३ पासून अमलात आणायला सुरुवात केली, तो याच कारणासाठी की घुसखोराने लिहिलेले शब्द आज्ञा म्हणून चालू नयेत. आयफोनवर सर्वसाधारण ॲपना असा कोड निर्माण करण्याची मुभा नसते, आणि व्ही८लाही २०१९ मध्ये जेआयटीशिवाय चालण्याची सोय करावी लागली. शिवाय कंपायलर स्वतः चुकतो. २०२२ मध्ये पीसीआरई२ या पीसीआरईच्या पुढच्या रूपाच्या जेआयटी भागात, युनिकोडच्या गुणधर्मांवरून जुळणी करताना मर्यादेबाहेरची मेमरी वाचली जाण्याचा दोष सापडला आणि दुरुस्त करण्यात आला. रोमन लिपीपलीकडच्या मजकुराची वाट तुलनेने कमी तुडवलेली असते, त्यामुळे देवनागरीत काम करणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

अभियंत्याने या मुद्द्याला थेट उत्तर दिले नाही आणि ते योग्यच झाले, कारण त्याला उत्तर नाही. तो धोका पत्करायचा की नाही एवढेच ठरवता येते. कंपाइल करण्याला लागणाऱ्या वेळाचा जुना आक्षेप मात्र आज फारसा टिकत नाही. एकदाच वापरायच्या नमुन्यासाठी मशीन कोड घडवणे तोट्याचे आहे हे ओळखून व्ही८ पहिल्या वेळी बाइटकोडच चालवते आणि तोच नमुना पुन्हा वापरात आला की मगच मशीन कोड तयार करते. दुसरीकडे .नेट या प्रोग्रामिंग मंचाच्या २०२२ मधील सातव्या आवृत्तीत, नमुना आधीच ठाऊक असेल तर तो प्रोग्राम बांधतानाच कोडमध्ये रूपांतरित करण्याची सोय आली, त्यामुळे चालत्या प्रोग्रामने आज्ञा लिहिण्याचा प्रश्नच तिथे मिटतो.

अभियंता : आता प्रश्न उलट विचारावा. सिद्धान्ताच्या बाजूने कोणती चालती इंजिने आहेत, आणि ती वेगात कुठे उभी राहतात?

सिद्धान्ती : रस कॉक्स यांनी २००७ मध्ये या विस्मृत रीतीकडे पुन्हा लक्ष वेधले आणि २०१० मध्ये गूगलने त्यांचे आरई२ खुले केले, रस्ट भाषेचे रेजेक्स ग्रंथालयही त्याच वाटेने जाते. त्यांच्या वेगाचे गमक असे, की ‘आता पोहोचलेल्या ठिकाणांचा संच’ ही एकच स्थिती मानली जाते आणि एका स्थितीतून अमुक बाइट आला तर कोणत्या स्थितीत जायचे, याचे कोष्टक ठेवले जाते. संपूर्ण कोष्टक आधी बांधले तर ते अफाट होऊ शकते, म्हणून मजकूर वाचताना जी स्थिती प्रथमच समोर येते तेवढीच त्या क्षणी बांधून ठेवली जाते. पुढे तीच स्थिती आली की प्रत्येक बाइटला कोष्टकात एकदा पाहणे, एवढाच खर्च उरतो. हेही एका अर्थाने तत्क्षणी घडवणेच आहे. फक्त इथे आज्ञांऐवजी कोष्टक घडते, आणि कोष्टक चालवण्याजोग्या मेमरीत ठेवावे लागत नाही.

अभियंता : रचना सुरेख आहे, परंतु तिच्या मर्यादाही उच्चाराव्यात. ‘शेवटून विसावे अक्षर अ असावे’ यासारख्या नमुन्याला दहा लाखांहून अधिक स्थिती लागू शकतात. तेव्हा कोष्टकाची जागा भरते, ते पुसून पुन्हा बांधावे लागते किंवा संथ रीतीवर उतरावे लागते. नमुन्याच्या कोणत्या भागाला मजकुराचा कोणता तुकडा जुळला, हे निव्वळ कोष्टक सांगत नाही, त्यासाठी वेगळी फेरी लागते. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे मागे जुळलेला तुकडा पुन्हा तसाच यावा अशी अट, जिला बॅकरेफरन्स म्हणतात, ती या इंजिनांत लिहिताच येत नाही. मराठीच्या अभ्यासकाला ‘हळूहळू’सारखे अभ्यस्त शब्द किंवा ‘पाणीबिणी’, ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ अशी प्रतिध्वनी जोडरूपे मोठ्या मजकूरसंग्रहातून वेचायची असतील, तर जोडरूपांचा नमुना असा होईल: एक आरंभीचे अक्षर, मग काही शेपूट, मग ‘बि’, आणि पुन्हा तेच शेपूट. ‘पा’नंतरचे ‘णी’ ‘बि’नंतर पुन्हा आले पाहिजे. ही अट बॅकट्रॅकिंगवाचून कोण पुरी करणार?

सिद्धान्ती : बॅकरेफरन्ससह जुळणी करण्याचा सर्वसाधारण प्रश्न एनपी-पूर्ण वर्गातला आहे, म्हणजे त्याला सर्व प्रसंगी वेगवान असा मार्ग कुणालाही ठाऊक नाही. त्यामुळे ही उणीव त्या इंजिनांनी जाणूनबुजून पत्करलेली आहे. मात्र या विशिष्ट उदाहरणात तो अडथळा खरा नाही. शेपूट कितीही लांब असू शकते असे नमुन्यात लिहिले तरच काम फुगते. मराठी शब्दाचे शेपूट दहा-बारा चिन्हांपलीकडे क्वचितच जाते, तेव्हा तशी मर्यादा नमुन्यातच घालावी आणि शब्दाच्या हद्दीबाहेर पाऊल पडू देऊ नये. मग प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त बारा प्रयत्न होतील आणि एकूण काम मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात राहील.

अभियंता : आणि तशी मर्यादा घातल्यावर, नमुना अभ्यासकानेच लिहिलेला असताना आणि संग्रह त्याच्याच ताब्यातला असताना, जेआयटी लावायला हरकत उरते काय?

सिद्धान्ती : तिथे नाही. परंतु तोच शोध संकेतस्थळावर खुला केला आणि नमुना लिहिण्याची चौकट वाचकांच्या हाती दिली, तर हरकत पुन्हा उभी राहते, कारण बारा चिन्हांची मर्यादा प्रत्येक वाचक घालेल असे धरून चालता येत नाही.

अभियंता : मग चौकटीऐवजी तयार नमुन्यांची निवड द्यावी, आणि ते नमुने प्रोग्राम बांधतानाच कंपाइल करून ठेवावेत.

सिद्धान्ती : तसे केल्यास जेआयटीची गरजच संपते, आणि अभ्यासकाला ज्या शोधाची आधी कल्पनाच करता आली नव्हती तो वाचकालाही करता येत नाही.